टिल्लूची उडी

४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

फोन सोडून पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. सगळे ठणठणीत आहेत. पण आमचं घर केवढं आहे ते तू पाहिलंयस. स्वयंपाकघरात पुटपुटलेलं आतल्या खोलीत ऐकू जातं, आणि तू फोनवर बोलतेस ते तर शेजाऱ्यांनाही ऐकू जातं. मला जे सांगायचंय ते घरात कुणाच्या कानावर जायला नको आहे.

सुट्टीत आम्ही चौघं कोस्टीअरिंगला जाणार आहोत. हे काय नवीन खूळ, असं विचारशील, म्हणून आधीच सांगतो. समुद्रकाठी जिथे वाळू नसते, नुसते कडे आणि खडक असतात, तिथून काठाकाठाने जायचं. कुठे खडकांवरून चढत-उतरत, कुठे मधल्या पाण्यातून पोहत, आणि कुठे कड्यावरून थेट पाण्यात उडी टाकून. अंगात जाड रबरी कपडे, डोक्यावर हेल्मेट, वरून तरंगायचं जाकीट. सोबत गाईड असते. माणसं हे सगळं हौसेने करतात.

हौस माझी नाही, थोरलीची. तिने त्याचा रंगीत कागद फ्रिजवर चिकटवला होता. कुणाला काही म्हणाली नाही, नुसता चिकटवला. आमच्या लग्नाला आता वर्ष होत आलं. धाकटा पहिल्या आठवड्यातच मला काका म्हणायला लागला, आणि माझ्या हत्यारांच्या पेटीवर आता माझ्यापेक्षा त्याचाच हक्क जास्त. थोरली मला काहीच म्हणत नाही. वाईटसुद्धा म्हणत नाही. जेवण तयार असलं की दाराशी येऊन 'जेवायला' एवढं बोलते आणि जाते. गेल्या महिन्यात तिने आईला सांगितलं, की पुढच्या वर्षीपासून मावशीकडे राहून शिकणार. मावशीचं गाव दिवसभराच्या वाटेवर. ही तिच्यासमोर बरं म्हणाली आणि मग मोरीत नळ सोडून रडली. मला काही बोलली नाही. पण पंधरा वर्षांची पोर आपलं घर सोडून जाते ती कुणामुळे, हे कळायला फार अक्कल लागत नाही. ती गेली तर हिच्या मनात ते कायमचं राहील, आणि माझ्याही.

म्हणून मी चौघांची नावं देऊन टाकली. घरी सांगितलं तेव्हा थोरलीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

आता मुद्द्याचं. मला पोहता येत नाही हे फक्त तुला ठाऊक आहे. हिला मी सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू? मुलांचे वडील पट्टीचे पोहणारे होते. त्यांची पदकं बैठकीत टांगलेली आहेत आणि मी रोज त्यांच्या खाली बसून चहा पितो. दोन्ही पोरांना त्यांनीच शिकवलं, आणि जायच्या आधी नीट शिकवून गेले. मी आपला लिफ्ट दुरुस्त करणारा. पायाखाली वीस मजल्यांची पोकळी असली तरी मी शीळ घालत काम करतो, पण गुडघाभर पाण्यात काठ सोडवत नाही.

काय करू ते लिही. आणि हिच्याशी फोनवर बोलताना जरा जपून.

तुझा,
टिल्लू


११ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

एका हॉटेलचे सगळे पडदे शिवायला आलेत, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, तरी मशीन थांबवून लिहितेय. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा डोक्याला हात लावला.

सहा फुटांचा बाप्या तू, आणि बायकोला एवढं साधं सांगता येत नाही? वहिनी औषधांच्या दुकानात दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकते. कुणाला मूळव्याध, कुणाला खरूज. तिला तुझ्या पाण्याचं काय वाटणार आहे? पदकांचं म्हणशील तर तिने पदकं बघून तुझ्याशी लग्न केलेलं नाही. सरळ सांगून टाक, आणि तिघांना पाण्यात सोडून तू काठावर कपडे सांभाळत बस. त्यात काही कमीपणा नाही.

राहिली थोरली. तू तिला जिंकायला निघालायस, आणि या वयाच्या पोरींना ते लगेच कळतं. पण आता नावं दिलीयस तर एक ऐक. तिच्याशी गोडीनेच वाग. मी माझ्या लेकीवर याच वयात एकदा आवाज चढवला होता, पुढे कित्येक महिने ती माझ्याशी हो-नाहीच्या पुढे बोलली नाही. आणि मी तर जन्म दिलेली आई. तुझी तर अजून पाटीसुद्धा लागलेली नाही त्या घरावर. तेव्हा काहीही झालं तरी ओरडायचं नाही, हे गाठ मारून ठेव.

आणि बुडू नकोस. मला काळे कपडे शोभत नाहीत.

ताई


३० मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं म्हणणं पटलं, पण हिला सांगायचं राहिलंच. दोनदा तोंड उघडलं. एकदा धाकटा मधे आला आणि एकदा हीच म्हणाली, की थोरली जेवताना दोन वाक्यं जास्त बोलली, लक्षात आलं का. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मी विषय बदलला.

तू समजतेस तसा मी अगदीच हातपाय गाळून बसलेलो नाही. गाईडबाईंना फोन केला. त्यांना मात्र खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, पोहता आलं नाही तरी जाकीट बुडू देत नाही, घाबरायचं तेवढं नाही. मी म्हटलं, तेच तर येत नाही. त्या हसल्या. कड्यावरून उडी मारायची कुणावर सक्ती नसते, दोराने उतरवतात, हेही सांगितलं. दोराचं ऐकून मला बरं वाटलं. दोर हा आपला विषय आहे.

तलावावर चौकशीलाही गेलो होतो. मोठ्या माणसांचा वर्ग नाही, लहान पोरांच्यातच उभं राहावं लागेल म्हणाले. माझ्या कमरेएवढी पोरं टोप्या घालून रांगेत उभी होती, आणि त्यांत आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा होता. तसाच मागे फिरलो. मग घरी मोरीत बादली भरून त्यात तोंड बुडवायचा सराव सुरू केला. एकदा हिने बाहेरून विचारलं, आत काय चाललंय. मी म्हटलं, चूळ भरतोय.

रबरी कपड्यांचं माप द्यायला चौघंही गेलो होतो. माझ्या मापाचा जोड काढायला त्यांना माळ्यावर चढावं लागलं. तो अंगात घालताना मी एका पायावर उड्या मारत दुकानभर फिरलो आणि शेवटी आरशावर आदळलो. धाकटा तर जमिनीवर लोळला. थोरली भिंतीकडे तोंड करून उभी होती, पण तिचे खांदे हलत होते. ताई, त्या एका गोष्टीसाठी मी आणखी दहा वेळा आरशावर आदळायला तयार आहे.

तुझी गाठ पक्की बांधून ठेवलीय. आवाज चढवणार नाही.

टिल्लू


५ एप्रिल

चि. टिल्लूस,

चूळ भरतोय म्हणे. कधी सुधारणार तू?

गाईडबाईंना सांगितलंस हे चांगलं केलंस. उडीच्या वाटेला जाऊ नकोस, दोर आहे ना, तो धर आणि उतर. परत आलास की लगेच चार ओळी टाक. तोवर माझी शिलाई वाकडीच जाणार.

ताई


२४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

उशीर झाला. जाऊन येऊन दहा दिवस झाले, पण लिहायला हात धजत नव्हता. आधी हे सांगतो की सगळे सुखरूप आहोत. धाकट्याच्या गुडघ्याला खरचटलं, माझी दोन नखं गेली. बाकी काही नाही.

सुरुवात छान झाली. आम्ही चौघं, गाईडबाई आणि त्यांचा एक जोडीदार. सकाळचा पहिला टप्पा नुसता खडकांवरून होता आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो, खोटं नाही सांगत. हात कुठे धरायचा, पाय कुठे रोवायचा, हे आमचं रोजचंच. ही मागून म्हणाली, अहो, जरा हळू. मधे दोन ठिकाणी छातीभर पाणी लागलं. तिथे मी जाकिटावर तरंगत, हाताने खडक धरत धरत गेलो. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग एक घळ लागली. दोन उभ्या कड्यांच्या मधून अरुंद पाणी, आणि पलीकडे वळणाआड छोटा किनारा. गाईडबाई म्हणाल्या, ओहोटी आहे तोवर यातून जायचं, वेळ घालवायचा नाही. त्या दोघांनी हिला आणि धाकट्याला आधी नेलं. मी आणि थोरली अलीकडच्या कपारीवर थांबलो. पलीकडून इशारा झाला की आधी तिने यायचं, मग मी, असं ठरलं होतं.

आता माझी चूक ऐक. आमच्या कामात एक माणूस वर असतो, एक खाली, मधे लिफ्टची काळोखी विहीर. वरचा म्हणतो 'बंद', खालचा ऐकून म्हणतो 'बंद', मगच कुणीतरी हात घालायचा. हातवारे चालत नाहीत. इशारा चुकला म्हणून हात गेलेला माणूस मी पाहिलाय. गाईडबाईंनी पलीकडून दोन्ही हात वर केले. थोरली निघाली. आणि मी तिच्या जाकिटाचा पट्टा मागून धरला. म्हटलं, थांब, तोंडाने सांगू दे. तिकडे लाटांचा एवढा आवाज, की तोफ डागली तरी ऐकू आलं नसतं. बाई हात हलवतायत, थोरली म्हणतेय, बोलावतायत ना त्या, सोडा. मी सोडेना. तिने हिसका दिला तेव्हा मी ओरडलो.

"हलायचं नाही. मी सांगेपर्यंत एक पाऊल टाकायचं नाही."

कसा ओरडलो ते मलाच माहीत. विहिरीत खालपर्यंत पोचतो तो आवाज. पोर दचकली. मग तशीच उभी राहिली. आणि तेवढ्यात भरती चढली, घळीत पाणी उसळायला लागलं, आणि बाईंनी तिकडून हातांची फुली केली. वाट बंद. जोडीदार हिला आणि धाकट्याला घेऊन वळणाआड गेला, बाई बाहेरच्या बाजूने पोहत आमच्या कपारीखाली आल्या. म्हणाल्या, आता वरून उडी मारून बाहेरच्या बाजूनेच यावं लागेल.

थोरलीने उडी मारली. मग मीही मारली. मग किनाऱ्यावर गेलो. धाकट्याने टाळ्या वाजवल्या.

ताई, वर्षभर जपलेलं सगळं मी एका आरोळीत घालवलं. त्या दिवसापासून ती गप्प आहे. आधीचं गप्प राहणं वेगळं होतं, हे वेगळं आहे, माझ्याकडे एकटक बघते आणि बोलत काही नाही. मावशीकडे जायचं पक्कं झालं असणार. हिला विचारायची हिंमत होत नाही.

टिल्लू


३० एप्रिल

चि. टिल्लूस,
अनेक अनेक आशीर्वाद.

अरे, तू उडी मारलीस! मी पत्र हातात घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. शेजारच्या चष्मेवाल्याला सांगितलं, हॉटेलच्या मॅनेजरला सांगितलं. आत्याला फोन केला, ती रडलीच. ज्याच्या डोक्यावरून तांब्याभर पाणी घालायचं तर आम्हा दोघींना धरून ठेवावं लागायचं, तो आमचा टिल्लू कड्यावरून समुद्रात!

ओरडलास त्याचं मला वाईट वाटलं. बजावून सांगितलं होतं. पण आता झालं ते झालं. उडी तर मारलीस ना तिच्या डोळ्यांदेखत. पोरीला ते दिसलं असेल. वडील पोहणारे होते तर हाही काही कमी नाही, असं वाटलं असेल.

आता एक काम. माझे दोन्ही नातू ऐकल्यापासून माझा पदर सोडत नाहीत. मामाआजोबांबरोबर उडी मारायची म्हणतात. पुढच्या महिन्याच्या शेवटी त्यांना तुझ्याकडे पाठवते. तूच घेऊन जा, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही. हे पत्र घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखव. माझी शपथ आहे.

ताई


६ मे

ती. ताईस,
सा. न.

पत्र वाचून दाखवलं. नातवांना पाठवायची इतक्यात घाई करू नकोस. माझी पाठ धरली आहे. वाकता येत नाही. बरी झाली की कळवतो.

टिल्लू


९ मे

नमस्कार.

तुम्हाला काय म्हणून लिहायचं हे ठरत नाहीये, म्हणून मायना सोडून दिलाय. आपण लग्नात एकदाच भेटलो. तुम्ही माझ्या झग्याची उसवलेली बाही उभ्या उभ्या टाचून दिली होती. तुमचा पत्ता मी तुमच्याच पाकिटावरून घेतला. मी लिहिल्याचं कृपा करून घरी सांगू नका.

त्यांची पाठ दुखत नाहीये. तुमच्या नातवांना पाठवू नका, कारण त्यांनी उडी मारलेलीच नाही.

तुमचं पत्र त्यांनी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं तेव्हा त्यांचे कान लालभडक झाले होते. शपथ घातली होती म्हणून वाचलं. कपारीवर काय झालं ते आम्हा तिघांनाच माहीत आहे, ते, मी आणि गाईडबाई. म्हणून मीच सांगते.

बाई खालून म्हणाल्या, की इथून उडी मारा, पाणी खोल आहे. उंची फार नव्हती, आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्याएवढी. मी अजून चिडलेली होते. त्यांनी माझा पट्टा सोडला आणि हळूच म्हणाले, "मला पोहता येत नाही." मला आधी वाटलं थट्टा करतायत. पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी विचारलं, मग आलात कशाला? तर म्हणाले, "तू घरातून जाणार आहेस. म्हटलं, त्याआधी एकदा चौघं मिळून कुठेतरी जाऊ. तुला आवडेल अशा ठिकाणी." मला रडू आलं. पण तोंड आधीच ओलं होतं, त्यांना कळलं नसेल.

मी उडी मारली. वर आले आणि त्यांना बोलावायचं म्हटलं तर काय हाक मारायची तेच सुचेना. वर्षभरात कधी मारलीच नव्हती. मी नुसतं या, या, या करत राहिले. ते कड्याच्या टोकापर्यंत यायचे आणि मागे जायचे. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी खाली बसले आणि मान हलवली. मग बाईंनी वर चढून दोर लावला. दोरावर ते इतके सहज उतरले की बाई बघतच राहिल्या. पण पायाला पाणी लागल्याबरोबर डोळे गच्च मिटून लोंबकळत राहिले. मी त्यांचा हात धरून दोरावरून सोडवला. एका बाजूने बाई आणि एका बाजूने मी, असं ओढत त्यांना वळसा घालून किनाऱ्यावर आणलं. त्यांनी माझी बोटं इतकी घट्ट धरली होती की दोन दिवस दुखत होती.

किनाऱ्यावर माझ्या भावाने विचारलं, काकांनी उडी मारली? ते खरं सांगणार होते, तोंड उघडलं होतं. त्यांच्या आधी मी म्हणाले, मारली, माझ्यापेक्षा लांब मारली. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि दोर गुंडाळायला लागल्या. तेव्हा खोटं त्यांचं नाही, माझं आहे. तुम्ही रागवायचं तर माझ्यावर रागवा.

ते तुम्हाला लिहीत असतील की ते माझ्यावर ओरडले म्हणून मी बोलत नाही. आईलाही तसंच वाटतं. तसं नाहीये. बाबा गेल्यापासून आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललंच नाही. मग हे आले, तर ते आणखीच हळू. माझ्या खोलीचं दार उघडं असलं तरी टकटक करतात. मी जे म्हणेन त्याला बरं म्हणतात. पाहुणे असतात ना, चहा थंड असला तरी छान आहे म्हणणारे, तसे. मला वाटायचं, एक दिवस पाहुण्यासारखेच निघून जातील आणि आई पुन्हा तशीच रडेल, आणि ते मला बघायचं नव्हतं. म्हणून मावशीकडे जाणार होते. त्या दिवशी ते ओरडले तेव्हा मला इतका राग आला, आणि घरी आल्यावर खूप बरं वाटलं. पाहुणे असे ओरडत नाहीत. हे त्यांना कसं सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही. रोज बघते त्यांच्याकडे आणि शब्द सापडत नाहीत.

तलावावर चला, एवढं मात्र सांगितलं. तुमचं पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना ओढत नेलं. लहान मुलांच्या रांगेत उभं राहायचं नाही म्हणाले, म्हणून वर्ग संपल्यावर जातो, उथळ बाजूला, मी आणि ते. आईला सांगितलंय की डॉक्टरांनी पाठीसाठी पाण्यातले व्यायाम सांगितलेत. तिला बहुतेक कळलंय. परवा काहीही न विचारता तिने पिशवीत दोन टॉवेल ठेवले, आणि बाबांचा जुना पोहायचा चष्मा. तो त्यांना घट्ट होतो, तरी तोच लावतात.

मावशीला मी कळवलंय की येत नाही. आईने कारण विचारलं तेव्हा म्हटलं, तिथे मला हवा तो विषय नाही. विषय आहे. पण ते अजून काठ सोडत नाहीत. मी मागे हात धरलेला असला तरच पाय उचलतात आणि दर वेळी विचारतात, सोडणार नाहीस ना. मी गेले तर ते पुन्हा पाण्यात उतरायचे नाहीत, आणि मी सोडणार नाही असं त्यांना सांगून बसलेय.

नातवांना पुढच्या वर्षी पाठवा. आणि तुम्ही पण या.

तुमची भाची